गोठ्यातली जीप

भंगारवाला सकाळीच येऊन गेला. गोठ्याच्या दारातूनच त्याने आत डोकावून पाहिले, मडगार्डावर बोटाने टिचकी मारली आणि भाव सांगितला. भाव अर्थातच किलोचा होता. जीपचे वजन साधारण टनभर. टायर, काच, रेक्झिन वजा जाता उरेल त्या लोखंडाचे पैसे तो रोख द्यायला तयार होता. "संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो," म्हणाला.

कराडच्या बाजूचे गाव, उसाचा पट्टा. घर जुने आणि घरामागे गोठा. गुरे जाऊन बरीच वर्षे झाली, पण जीप मात्र तिथेच उभी. अंगावर कडब्याच्या पेंढ्या, मागच्या बाकावर कोंबडीने घातलेली अंडी आणि चारही चाके जमिनीत चार-चार बोटे रुतलेली. १९६८ सालची ही महिंद्र जीप घरातल्या आजोबांची. आजोबा गेले आणि जीपला हात लावणारे कुणी राहिले नाही.

थोरला मुलगा शाळेत शिक्षक. गोठ्याच्या जागी दोन खोल्या बांधाव्यात, असा त्याचा साधा हिशेब. धाकटा पुण्याला नोकरीत. त्याने फोनवर सांगितले, "विकू नकोस दादा. एखादे डिझेल इंजिन बसवून घेऊ आणि महाबळेश्वरकडे पर्यटकांसाठी चालवायला देऊ. महिन्याला पैसे येतील." थोरल्याची मुलगी पॉलिटेक्निकला यंत्र अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. तिचे म्हणणे होते, आधी ती कोणत्या अवस्थेत आहे ते तरी पाहू.

आजी काहीच बोलल्या नाहीत. त्या माजघरात गेल्या आणि ट्रंकेतून मलमलीच्या फडक्यात बांधलेले एक पुडके घेऊन आल्या. आत जीपचे जुने नोंदणीपुस्तक होते, कडा कुरतडलेल्या, पण शाई शाबूत. त्या थोरल्याला एवढेच म्हणाल्या, "एकाहत्तर सालच्या पावसात ओढ्याला पाणी आलं होतं. एस.टी. बंद. ह्याच गाडीनं तुझ्या बापानं मला मिरजेला नेलं, म्हणून तू आज खोल्या बांधायचं बोलतोयस. विकायची तर विका. पण एकदा कुणा जाणत्याला दाखवा."

संध्याकाळी टेम्पो आला आणि रिकामाच परत गेला.

लढाईतून शेतावर

आपल्याकडे 'जीप' हा शब्द इतका घरचा झाला आहे की तिची जन्मकथा कुणाच्या ध्यानात नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९४० साली, अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी आणि कुठेही घुसणारी गाडी हवी होती. बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना दिला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर विलीज कंपनीने तीच गाडी शेतकऱ्यांपुढे ठेवली. नांगरट, गवत कापणे, बाजाराला जाणे, अशी सगळी कामे एकाच गाडीने करावीत, ही त्यामागची कल्पना.

भारतात ती आणली महिंद्र बंधूंनी. १९४५ साली सुरू झालेल्या 'महिंद्र अँड मोहंमद' या कंपनीतले भागीदार गुलाम मोहंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले आणि मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीपगाड्यांची जुळणी होऊ लागली. हळूहळू बहुतेक भाग इथेच तयार होऊ लागले. तहसीलदार, पोलिसपाटलांना हाक मारत फिरणारे फौजदार, कालव्यावरचे इंजिनिअर, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, निवडणुकीतले उमेदवार, सगळे जीपमधून हिंडले. खेड्यात 'जीप आली' म्हणजे सरकार आले, असा अर्थ होता.

गोठ्यातली गाडी 'सीजे-३बी' या प्रकारातली. तिची खूण म्हणजे उंच बॉनेट. विलीजने १९५३ च्या सुमारास या गाडीत नवे इंजिन बसवले. त्यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी रचना होती. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावे लागले. अमेरिकेत हा प्रकार १९६८ साली बंद झाला, पण आपल्याकडे त्यानंतरही अनेक वर्षे बनत राहिला.

मिस्त्रींची पहिली अट

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा आवाज कधी थांबत नाही. ओतकाम, बोअरिंग, क्रँक घासणे, सगळे हाकेच्या अंतरावर. तिथल्या एका वयस्कर मिस्त्रींनी आजोबांच्या हयातीत ही जीप दोनदा उघडलेली होती. निरोप मिळताच ते स्वतः गावी आले. आल्याआल्या त्यांनी बॉनेट उघडले नाही. गोणपाट अंथरून ते गाडीखाली शिरले आणि लहान हातोडीने चासीवर ठोकू लागले.

"काका, इंजिन नाही का बघायचं?" नातीने विचारले.

"इंजिन मिळतं पोरी, चासी मिळत न्हाई. तू आवाज ऐक."

जिथे लोखंड निरोगी, तिथे टणटण असा खणखणीत आवाज येत होता. जिथे गंजाने आतून पोखरले होते, तिथे थप्प असा बद्द आवाज येऊन पापुद्रे गळत होते. मिस्त्रींनी खडूने खुणा केल्या. मागची आडवी पट्टी पार गेलेली. डाव्या बाजूला पाट्यांच्या शॅकलजवळ हातभर पट्टा कमजोर. बाकी चासी टिकण्याजोगी. तळाचा पत्रा मात्र चाळणीसारखा झालेला.

"गोठ्यात ठेवलीत तिथं चूक झाली," ते म्हणाले. ते खरेच होते. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो, हे शाळेत शिकवतात. पण पाण्यात क्षार असले की गंजण्याचा वेग कितीतरी वाढतो. गोमूत्रात आणि शेणात क्षार असतात, कडबा ओल धरून ठेवतो आणि मातीत रुतलेल्या चाकांभोवती वारा खेळत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो वरचा रंग उचलतो, फटी रुंद करतो आणि नव्या ओलीला वाट करून देतो. एकदा लागलेला गंज म्हणूनच आपोआप थांबत नाही.

घरात बसून चहा घेताना मिस्त्रींनी अट घातली. काम तीन टप्प्यांत करायचे. पहिल्यात फक्त गाडी सुटी करायची आणि चासी साफ करून पाहायची. त्यात घात दिसला तर तिथेच थांबायचे. दुसऱ्यात इंजिन, गिअर, ब्रेक. तिसऱ्यात पत्रा आणि रंग. प्रत्येक टप्प्याचे पैसे वेगळे आणि पुढचा टप्पा घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय सुरू नाही. "एकदम आकडा सांगणारा मिस्त्री एकतर अडाणी असतो न्हाईतर लबाड," ते थोरल्याला म्हणाले. "गंजाच्या आत काय आहे ते उघडल्याबिगर देवालाबी दिसत न्हाई."

जुनी गाडी दुरुस्तीला देणाऱ्या कुणीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अनेकांचे पैसे बुडतात ते उलट्या क्रमाने काम केल्यामुळे. आधी चकचकीत रंग, मग सीट, मग इंजिन आणि शेवटी कळते की चासीच कुजलेली आहे.

नंबर कुठे आहे?

दसऱ्यानंतर जीप ट्रकवर घालून कोल्हापूरला गेली. नात दर शनिवार-रविवारी तिथे जाऊ लागली. पहिल्याच आठवड्यात मिस्त्रींनी तिला एक वही आणि ढीगभर प्लॅस्टिकच्या पिशव्या आणायला लावल्या. निघालेला प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वायसर त्या त्या पिशवीत. वर चिठ्ठी आणि आधी मोबाइलवर फोटो. "सुटी करायला आठ दिस लागतात, जुळवायला आठ महिने. तवा कोण सांगणार हा बोल्ट कुठला?"

गंजून जाम झालेले बोल्ट उलगडणे हे सगळ्यात चिकाटीचे काम. त्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवायचे, सकाळी हलके ठोकायचे, मग पाना लावून आधी किंचित आवळायचे आणि मगच सोडायचे. तरीही ऐकले नाही तर नटाला उष्णता द्यायची. नट तापून फुगतो आणि पकड सुटते. घाई केली की बोल्ट तुटतो आणि पाच मिनिटांचे काम पाच तासांचे होते.

खरी धाकधूक होती ती चासी नंबरची. पुस्तकातला नंबर गाडीवर ठोकलेला मिळाला नाही तर कायद्याच्या दृष्टीने ती गाडी कुणाचीच नाही. नेमकी तीच जागा गंजाने भरलेली होती. शिकाऊ पोऱ्याने ग्राइंडर उचलला, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातून तो काढून घेतला. ग्राइंडरने गंजाबरोबर आकडेही जातात. त्यांनी तिथे कापसाचा बोळा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून ठेवला, वरून प्लॅस्टिक गुंडाळले आणि दर दोन-चार तासांनी मऊ पितळी ब्रशने घासत राहिले. दुसऱ्या दिवशी पहिला आकडा दिसला. संध्याकाळपर्यंत सगळे दिसले. नातीने वहीतल्या नंबराशी एकेक आकडा ताडून पाहिला आणि घरी फोन केला.

त्या रात्री थोरल्याने दुसऱ्या टप्प्याला हो म्हटले. गोठ्याच्या जागेतल्या खोल्या एक वर्ष पुढे गेल्या.

आजींची चिंच

लहान भागांचा गंज काढायला वर्कशॉपमध्ये एक सोपी युक्ती वापरली गेली. प्लॅस्टिकच्या टबात पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एक टाकाऊ लोखंडी पट्टी धन टोकाला. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नाही. प्रवाह सुरू केला की बुडबुडे येतात, गंज सैल होऊन सुटतो आणि निरोगी लोखंडाला धक्का लागत नाही. मात्र हे उघड्यावरच करायचे, कारण त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो आणि तो एका ठिणगीने पेटतो. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचे नाही, त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचे किंवा कार्बोरेटरसारखे जस्ताच्या मिश्रधातूचे भाग या टबात टाकले तर ते खराब होतात.

मोठ्या पत्र्यासाठी वाळूचा मारा करणारे लोक जवळच होते. मिस्त्रींनी ठाम नकार दिला. एक तर जोराच्या माऱ्याने पातळ पत्रा वाकतो. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे होते. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साचते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस पुन्हा बरा होत नाही. तरुणपणी ओतशाळेत बरोबर काम केलेल्या एका सोबत्याला त्यांनी पायऱ्या चढताना धापा टाकताना पाहिले होते. त्यामुळे पत्रा वायर ब्रशने आणि फॉस्फोरिक ॲसिडच्या द्रावणाने, तोंडावर मास्क आणि हातात मोजे घालून साफ झाला. या द्रावणाने उरलासुरला गंज फॉस्फेटच्या थरात बदलतो आणि त्यावर प्राइमर चांगला धरतो.

एका रविवारी आजी नातीबरोबर वर्कशॉपमध्ये आल्या. मिस्त्रींनी स्टूल पुसून दिले. "या वहिनी, बसा."

आदल्या दिवशी साफ केलेला पत्रा समोरच होता. रात्रीत त्यावर पुन्हा तांबूस छटा चढली होती. पोऱ्या बुचकळ्यात पडला होता. आजींनी बोट फिरवून पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, चिंचेनं तांब्या घासला तर लगेच धुवून कोरड्या फडक्यानं पुसावा लागतो. तसाच ठेवला की सकाळी डाग. मग हा लोखंडाचा पत्रा ओला ठेवून कसा चालेल?"

मिस्त्री मोठ्याने हसले. पोऱ्याला म्हणाले, "ऐकलंस? हेच मी तुला काल सांगत होतो." आम्लाने उघडे पडलेले लोखंड हवेला फार हावरे असते. धुतले की लगेच कोरडे करायचे आणि त्याच दिवशी प्राइमर मारायचा. त्यानंतर वर्कशॉपमध्ये तसेच झाले. रंगाचे काम पावसाळ्यात घ्यायचे नाही, हा नियमही त्यातलाच. दमट हवेत रंगाखाली ओल अडकते आणि दोन वर्षांत फुगे येतात.

सीटखालची टाकी

जीपची पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली असते. ही रचना मुळापासूनची. त्या टाकीच्या तळाला गंजाने दोन भोके पडली होती. पोऱ्याला वाटले, टाकी कित्येक वर्षे रिकामी आहे, गॅसचा एक टाका मारला की झाले. त्याने नळी पेटवलीही होती. तेवढ्यात लेथपाशी उभ्या असलेल्या मिस्त्रींची आरोळी आली. वर्कशॉपमधल्या सगळ्यांचे हात थांबले.

ते जवळ आले, स्वतः गॅस बंद केला आणि मग सावकाश बोलले. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक असते. पेट्रोल संपले तरी त्याची वाफ कोपऱ्यांत, गंजाच्या खपल्यांखाली राहते आणि हवेत मिसळून स्फोटक होते. पुन्हा पुन्हा धुऊन, वाफ देऊनसुद्धा ज्याला सवय नाही त्याने टाकीला आग दाखवू नये. त्या दिवशी ती टाकी भंगारात गेली आणि नवी बनवायला टाकली. मूळ भाग जपण्याचा हट्ट मिस्त्रींना होता, पण माणसाच्या जिवापुढे नाही.

हाच विचार ब्रेकच्या वेळी. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर असतो. एका नळीतून तेल गळाले तर चारही ब्रेक जातात. म्हणून नळ्या, रबरी वॉशर, होज सगळे नवे घातले गेले. जुन्या ब्रेक-पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्यामुळे ड्रममधली धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसून काढली.

इंजिन तर हलतच नव्हते. पिस्टन सिलिंडरला चिकटून बसले होते. प्लग काढून चारही भोकांतून डिझेल आणि तेल सोडले आणि तसेच ठेवले. रोज पुढून हँडल लावून, जोर न करता, हलक्या हाताने चाचपायचे. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी हँडल दोन बोटे सरकले. पुढे इंजिन उघडल्यावर सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह घासले. आणखी एक काळजी आजच्या पेट्रोलची. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याने व्हॉल्व्हच्या बैठका झिजण्यापासून वाचत. २००० सालापासून देशात शिसे नसलेले पेट्रोल आहे, आणि आता त्यात इथेनॉलही मिसळलेले असते. म्हणून बैठका कठीण धातूच्या आहेत याची खात्री करून घेतली आणि पंपाचा पडदा व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवल्या.

डिझेल की मूळ इंजिन?

याच सुमारास धाकटा पुण्याहून आला. त्याने एक डिझेल इंजिन पाहूनही ठेवले होते. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. पेट्रोलवर ही गाडी खर्चिक पडते आणि गावोगावी लोकांनी जुन्या जीपना डिझेल इंजिने बसवलेली आहेतच.

"दादा, शोभेसाठी एवढे पैसे घालायचे का? काहीतरी कमावू दे की तिला."

बोलाचाली वाढल्या. वारसाने गाडी दोघांची होती. एकाने सही दिली नाही तर कागद पुढे सरकणार नव्हते. अखेर नातीने परिवहन कार्यालयातून विचारून आणलेली माहिती दोघांपुढे ठेवली.

मालक वारले असतील तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ भरायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती. पुढे दोन वाटा. एक, नेहमीची खासगी गाडी म्हणून योग्यता तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण करायचे. जुन्या गाड्यांसाठी ते शुल्क अलीकडे बरेच वाढले आहे. दुसरी वाट व्हिंटेज नोंदणीची. २०२१ साली केंद्र सरकारने त्यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची.

म्हणजे डिझेल इंजिन बसवले की व्हिंटेजची वाट बंद. व्हिंटेज घेतली की पर्यटकांची वाट बंद.

"मग देवळालासुद्धा न्यायची नाही?" आजींनी विचारले.

"रोज नाही, आजी," नात म्हणाली.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग धाकट्याने विचारले, "जुना नंबर तोच राहील नक्की?" नात हो म्हणाली. लहानपणी शाळा सुटल्यावर वेशीपाशी उभा राहून तो त्याच नंबराची वाट पाहत असे. शाईचे पेन काढून त्याने संमतीपत्रावर सही केली. खर्चाचा निम्मा भार आपण घेऊ, असेही तोच म्हणाला. मागची आडवी पट्टी आणि शॅकलजवळचा तुकडा बदलायचा होता. तेवढी दुरुस्ती चालेल का, हे कार्यालयात आधी विचारून घेतले आणि प्रत्येक पायरीचे फोटो वहीत लावले. जुना तुकडा कापण्याआधीचा, कापल्यावरचा, जोडल्यावरचा. अशी वही पुढे तपासणीच्या वेळी शंभर तोंडी खुलाशांपेक्षा उपयोगी पडते.

पुन्हा दसरा

वर्षभराने, खंडेनवमीच्या दिवशी, वर्कशॉपमधल्या पाने-हातोड्यांच्या पूजेबरोबर जीपलाही झेंडूची माळ चढली. रंग मूळचाच, मळकट हिरवा. झळाळी नाही. एका मडगार्डावरचा जुना पोचा नातीने मुद्दाम राहू दिला होता. आजोबांची गाडी चिंचेच्या बुंध्याला घासली होती, तेव्हाचा तो.

निघण्यापूर्वी मिस्त्रींनी थोरल्याला आणि नातीला समोर बसवून सूचना दिल्या. चारही चाकांचा जोर चिखलात, वाळूत, ओल्या चढावर लावायचा. कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचा नाही. वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि या जुन्या गाडीत तो फरक सोसणारी मधली व्यवस्था नाही. टायर आणि गिअर दोन्ही झिजतात. वेग आवरता ठेवायचा, कारण गाडी उंच आणि आखूड आहे, पट्टे नाहीत, ब्रेक जुन्या पद्धतीचे आहेत. वरातीत दहा-बारा जण लटकले, असे फोटो जुन्या अल्बमात शोभतात, आता तसे करायचे नाही. आणि उभी करायची तर फरशीवर, हवेशीर जागी. "गोठ्यात न्हाई," असे ते दोनदा म्हणाले. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून चांगले तापेपर्यंत चालवायचे.

पूजेनंतर आजी पुढच्या सीटवर बसल्या. दार नसलेल्या गाडीत चढताना त्यांनी डाव्या हाताने नेमकी तीच सळई धरली, जी पन्नास वर्षांपूर्वी धरत असत. हाताला ती आपोआप सापडली. थोरला चालकाच्या जागी बसला. पहिल्या प्रयत्नात इंजिन लागले नाही, दुसऱ्या वेळी लागले. आवाज जुनाच, थोडा घरघरणारा.

पहिली फेरी लांबची नव्हतीच. वर्कशॉपच्या आवारातल्या आवारात दोन वळसे. कागद अजून कार्यालयात होते आणि त्यांच्याशिवाय रस्त्यावर जायचे नाही, हे ठरलेले होते. दुसऱ्या वळशाला आजींनी मलमलीचे फडके थोरल्याच्या हाती दिले. आत नोंदणीपुस्तक होते.

"आता हे तू सांभाळ," त्या म्हणाल्या. "आणि खोल्या पुढच्या वर्षी बांध. एक गाडीपुरती मोठी कर."